सुतळी

विक्रोळीच्या कोर्टात वकीलबाईंनी विचारलं,
"कठडा तुटलाय हे माहीत होतं तुम्हाला?"
हो म्हटलं. मलाच तर माहीत होतं.
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामध्ये तीन गज गंजून गळाले,
तिथे सुतळी मीच बांधली होती,
मिठाईच्या खोक्याची, दुहेरी गाठ मारून.

गाठीचा फोटो आता कागदांत आहे. निशाणी नऊ.

सभेत विषय निघाला होता.
खोत म्हणाले, तीन कोटेशनं मागवू.
एक आलं. मग गणपती आले, मग मुलांच्या परीक्षा.

रामआसरे इस्त्रीचं गाठोडं खांद्यावर घेऊन उतरत होता.
सुतळीने क्षणभर तरी धरलं असेल त्याला,
असं मला वाटून घ्यायचंय.

टायपिस्ट थांबतो: निष्काळजी लिहू, की हयगय?
साहेब म्हणतात, दोन्ही.
हयगय. आई हा शब्द औषधाच्या बाटलीपाशी ठेवायची,
"डोसाची हयगय नको गं."

मी म्हणते, काळजी रोज केली, साहेब.
चढताना, उतरताना, रात्री दिवा मालवताना.
"केलीत. घेतलीत का?"
बाई चष्म्यावरून बघतात.
टायपिस्टची बोटं तयार.

रामआसरे आता स्टुलावर बसून इस्त्री करतो,
डावा पाय पुढे, लाकडासारखा.
कपडे न्यायला-आणायला मीच जाते,
भिंतीच्या बाजूने.
नवे गज बसलेत, हिरवा रंग हाताला लागतो.
जुन्या खांबाला सुतळीचं एक टोक अजून आहे.
कुणी सोडवत नाही.
मीही.