कानोसा

पहाटे साडेपाचला निघते, चार बॅटऱ्या काखेत धरून.
थंडीत त्या मान टाकतात,
माझ्या उबेवर तासभर जास्त तगतात.
गाडीत पाण्याखालचा माइक, पन्नास मीटर वायर,
राईचा पाव, आणि क्लायपेडाच्या वस्तुसंग्रहालयाचं पत्र:
अकरा मिनिटं हवीत, ‘हिवाळ्याचा आवाज’.
जणू हिवाळ्याला एकच गळा असतो.

व्हेंटेच्या टोकाशी खाडी गोठलीय.
गेली दोन वर्षं गोठलीच नव्हती.
दोन वर्षं मी फ्रिजांची घरघर, लिफ्टांचे उसासे,
एका दंतवैद्याच्या कंप्रेसरचा दमा
विकून घरभाडं दिलं.

लांब कुठं तरी तडा जातो
आणि टिंव्‌व्‌ करत पायांखालून
तार छेडल्यासारखं काही धावत सुटतं,
पलीकडच्या वाळूला जाऊन थडकतं.
वहीत लिहिते: सात बारा. वारा पडलेला. उणे नऊ.

आन्सस माझ्याआधी येऊन बसलाय.
वय ब्याऐंशी. बर्फात भोक,
भोकात तिरकी सोडलेली लांब फळी,
दोन्ही हातांत मोगऱ्या.
टक् टका टक्. टक् टका टक्.
खाली स्टिंटा मासे गोळा होतात म्हणे,
नाचायला की भांडायला, कुणी पाहिलंय?

माइक सोडते. हेडफोन चढवते.
वर जे टक् असतं, ते खाली धुम्म होतं,
कडा विरघळलेलं;
मोठ्या घरात चार खोल्या पलीकडं
कुणी गाद्या झटकतंय.

मग म्हातारा खोकतो.
मग कुणाची तरी स्नोमोबाइल भर्रकन जाते.
मग पुन्हा खोकला.
मी ओठांवर बोट ठेवते, तो मान डोलावतो,
आणि खोकतो.
तेव्हा आठवतं. त्याच्या सुनेनं काल फोनवर सांगितलं होतं,
आणि मी, जिचा धंदाच ऐकण्याचा,
हं हं करत पुढं गेले होते:
सहा वर्षं झाली, ठार बहिरा आहे.

काय करावं सुचत नाही, म्हणून हेडफोन त्याच्यापुढं करते.
तो लावून घेतो, पाहुणा चहा घेतो तसा.
‘उबदार आहेत,’ म्हणतो. परत देतो.

मग फळीवर वाकून तिची कड दातांत धरतो,
वरचे चार, खालचे तीन.
एक मोगरी चालूच.
भुवयांनी मला म्हणतो, ये.

कुठल्याच यंत्रासोबतच्या पुस्तिकेत हे नाही.
गुडघे टेकते, टोपी मागं सारते,
लाकूड चावते.
जुनं डांबर, माशांचा तो काकडीसारखा वास,
आणि ठोका
जबड्यातून चढून, कानांना वळसा घालून
थेट टाळूच्या मागं.
ठोका. ठोका.
मधली जागा हळूहळू दाट होत जाते,
दूध आटताना होतं तशी.
‘आले,’ आन्सस म्हणतो, फळी न सोडता,
त्यामुळं तो शब्दही मला दातांतच कळतो.

जाळ्यात सतरा मासे.
सहा मला देतो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवस निवडायला बसते.
अकरा मिनिटांपुरतं नक्की आहे:
धुम्म चांगला आलाय, तार तर फारच.
नऊ चव्वेचाळीस ते नऊ एकावन्न पुन्हा पुन्हा लावते.
ठोके. पाणी. एकदा वायर घासल्याची चर्र.
मधल्या जागेत काहीच नाही.

एक खोकला ठेवते. कोण विचारणार आहे.

बारा वाजता यंत्र बंद करते
आणि, कुणी बघत नाहीये तर,
टेबलाची कड दातांत धरते.
खालच्या मजल्यावर पावलं.
खिडकीपर्यंत, परत, खिडकीपर्यंत.
सात वर्षं राहतेय इथं,
खालची बाई झोपत नाही हे माहीतच नव्हतं.

मासे अजून तळायचेत.