तापायला अर्धा तास

मल्लेशम म्याकल म्हणतो, थांब की बे,
लगेच हात लावू नको.
आधी तापू दे.

साखर पेठेत, बोळाच्या टोकाला त्याचं दुकान.
मिक्सर, इस्त्र्या, कुठल्याशा मंडळाचा मुका अ‍ॅम्प्लिफायर,
आणि टेबलावर, पोट उघडं टाकून, बाबांचा सिंथेसायझर.
ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा
सात महिन्यांच्या थकलेल्या पगारापोटी मिळालेला.

आत दोन ऑसिलेटर.
एकाच सुरात लावले तरी एक होत नाहीत,
थोडे मागेपुढे चालतात,
बाजारातून परतणाऱ्या नवरा-बायकोसारखे.
त्या दोघांच्या मधे जे सावकाश हलत असतं
"त्यालाच जाडी म्हणतात," मल्लेशम सांगतो,
आणि खुर्चीवरची चादर चिमटीत धरून दाखवतो.

माझ्या नव्या कीबोर्डात सहाशे आवाज आहेत.
सगळे वेळेवर येतात.
गड्ड्याच्या थंडीत जसे, तसेच मे महिन्याच्या मांडवात.
ह्याला मात्र सोलापूर बाधायचं.
त्रेचाळीस अंशाला हा सूर सोडून वर चढायचा,
बाबा उजव्या हातानं वाजवत
डाव्या हातानं त्याला खाली ओढून आणायचे,
आणि गायिका डोळे वटारून बघत राहायची.

फिल्टरच्या बटणाभोवती त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा:
पुंगी. बासरी (खोटी). पाऊस.
आणि सगळ्यात खाली, पुसट, भोंगा.

मला माहीत नव्हतं. मल्लेशमला होतं.
"तीनची पाळी सुटायची ना,
तेव्हा तुझा बाप गच्चीवर वायर ओढून बसायचा.
सूर मिलकडून घ्यायचा. फुकटात."
मिल बंद पडल्यावर
ते कशाला लावत होते,
ते त्यालाही ठाऊक नाही.

अर्धा तास झाला.
तापल्या धुळीचा वास सुटला.
बटण खुणेवर आणलं
आणि डावीकडची शेवटची पट्टी दाबली.

आधी नुसती करवत.
मग तिचे दात कुणी आतल्या आत घासत आणले,
आवाज गोल होत पोटात उतरला,
बरणीतले स्क्रू किणकिणले,
आणि समोरच्या ओट्यावर विड्या वळणारी राजव्वा
सूप बाजूला सारून उठली.
पदराला हात पुसले, चप्पल चाचपली,
आणि मग कुठं जायचं ते न सुचून
तिथंच उभी राहिली.

मी पट्टी सोडली नाही.

"तसा नव्हता," ती म्हणाली.
आधी तेलुगूत काहीतरी, मग माझ्यासाठी मराठीत:
"आमचा भोंगा ह्याच्याहून जाड.
आणि शेवटी घसरायचा जरा,
वाफ संपल्यासारखा."

मल्लेशमनं चष्मा कपाळावर चढवला,
स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घातलं,
अर्ध्या केसाइतकं फिरवलं.
"आता?"

ती मान तिरकी करून ऐकत होती.
हातात अजून एक विडी, दोरा न बांधलेली.

"आणखी थोडा."