कोपरा सभा, वडगाव

माईक नकोच, म्हणाल्या भारताबाई सांबरेकर,
एवढ्या गल्लीला माझा गळा पुरे.

चौकात कारंजं बसवलं. बरं.
बिल कन्नडात होतं,
आकडा मात्र सगळ्यांना वाचता आला.
त्याच पावसाळ्यात नाला उलटला
आणि हणमंताच्या मागाच्या खड्ड्यात
गुडघाभर पाणी,
वर अर्धी साडी तशीच ताणलेली.

शहर वाढूदे की, कोण नको म्हणतंय?
पण पाण्याला आधी विचारा,
बा, तू कुठं राहत होतंस म्हणून.
बासमतीच्या वाफ्यांत मुरूम ओतलासा,
आता ते घर शोधत
आमच्या उंबऱ्यावर येतंय.
मी निवडून आले तर पहिला रुपया गाळाला.
दिवे मागनं. अंधाराची सवय आहे आपल्याला.

मागून कुणी ओरडलं,
"बाई, तुमचा प्लॉट कुठं आहे?"

भारताबाई थांबल्या. पदर सारखा केला.
"वाफ्यातच. अठ्ठ्याण्णवला घेतला.
भात पोटरीत होतं. तसंच बुजवलं."

टाळी कुणी वाजवली नाही.
चहा आला.
हणमंतानं पहिला कप त्यांना दिला,
बशीसकट.