पोढी

घाडीकाकांनी गेटवर भाड्याची सायकल घेतली,
ब्रेक दोनदा दाबून पाहिले,
कान्हेरीचा चढ अर्धा पेडल मारत, अर्धा ढकलत आले.

आम्ही मूर्तींचे फोटो काढत होतो.
ते मात्र कातळात खोदलेल्या पन्हळीमागे
वाकून वाकून गेले,
थेट टाक्यापर्यंत.

छत्तीस वर्षं पालिकेच्या पाण्याची चावी फिरवलेला हात
आत घातला कोपरापर्यंत.
गाईड सांगत होता, कल्याणच्या कुणा व्यापाऱ्यानं
ही पोढी दान दिली.
"मीटर नाही," काका पुटपुटले.
"गळतीपण नाही."

वरून तुळशी तलाव दिसला, झाडीत अडकलेला
चकाकता तुकडा.
"ते आमच्या खात्याचं."

उतरताना ओली बाही वाऱ्यावर सोडून
ते आमच्या कितीतरी पुढे निघून गेले.