एक मात्रा

पेर्नूच्या बंदरात एंडेलने चाळीस वर्षं
बोटींची डिझेल इंजिनं उघडली, मिटली.
डावा कान तिथेच ठेवून घरी आला.
मुलगी संगीत लिहिणार म्हणाली तेव्हा त्याने विचारलं,
वाजत नाही तोवर ते काय असतं?

तीऊ अजून त्याचंच उत्तर लिहिते आहे
स्वयंपाकघराच्या टेबलावर, पावाचा चुरा कोपराने सारत,
पहाटे साडेचार ते साडेसहा.
मग मोजे शोधायचे, दोघांचे, चार, बहुधा तीनच सापडतात.
मग शाळेत बासरी शिकवायची, पगार त्याचा मिळतो.

संगणकावरची टिंबं तिला मेलेली वाटतात.
माझं अक्षर बरं, एवढ्याच गुणावर
वादकांच्या प्रती उतरवणं माझ्याकडे आलं.

फेब्रुवारीत, समुद्र गोठलेला असताना,
उकूला ताप चढला.
रात्री दोनला औषधाची मात्रा दिली, चमचा धुतला,
आणि व्हायोलाची ओळ सोडली होती तिथूनच धरली.
असं मला वाटलं.

तालमींच्या आठवड्यात लेलोला कांजण्या.
तीऊ घरी, फोडांना लोशन लावत.
मे महिन्यात चर्चमध्ये पहिल्यांदा वाजलं.
पाद्रीबाई रडल्या. कुणी म्हणालं, धुकं, नुसतं धुकं.
एंडेल कोटाची बटणं लावत,
बहिरी माणसं बोलतात तसा, मोठ्याने म्हणाला:
मधे एक सिलिंडर मारत नाही.
लोक हसले. मीही हसलो.
तीऊ हसली नाही.

रात्री अकराला तिने ती प्रत उघडली.
सहावं पान. कोपऱ्यात गुलाबी सिरपचा डाग.
बोटाने मोजत गेली: एक, दोन, तीन,
आणि लगेच पुढची रेघ.
चौथी मात्रा मी पोराला पाजली होती.

तिथून पुढे सगळे व्हायोला
इतरांच्या एक पाऊल आधी चाललेले,
गोठ्याचा वास लागलेल्या गाईंसारखे.

मी माफी मागायला तोंड उघडलं.
तिने हात वर केला, थांब.
आधी गुणगुणून पाहिलं, तिला हवं होतं तसं.
मग झालं तसं.
मग पुन्हा झालं तसं.
बशा हातात धरून मी उभा, नळ न सोडता.

आत उकू खोकला.
तिने पेन्सिल कागदावरून उचलली
आणि तशीच अधांतरी धरली,
दुसरी उबळ येते का बघत.