शाईची जाडी

हल शहरात, गोदीच्या मागे, फेअरहोम लेनवर
चौदा आणि सोळा ही दोन घरं
एकोणीसशे चौतीस साली एकाच गवंड्याने बांधली,
मधोमध आठ फुटांची सामायिक वाट सोडून.
तेव्हाच्या मोटारी सडपातळ होत्या.
आता टेरी व्हिटलमची प्लंबिंगची व्हॅन
दोन्ही आरसे मिटून घेते
आणि तरीही श्वास रोखूनच आत शिरते.

मी मोजणीदार.
वकिलाच्या पत्रासोबत आली
एनिड गारसाइडबाईंची वही:
सव्वीस मार्च, सकाळी सात चाळीस, डावं चाक माझ्याकडे.
सत्तावीस मार्च, डावं चाक.
एकतीस मार्च, पाऊस, तरीही डावं चाक.
अशी अकरा महिन्यांची पानं.
शाळेच्या खानावळीत बाई तीस वर्षं
मुलांना बटाटे मोजून वाढायच्या.
तो हात निवृत्त होत नाही.

बाईंनी हद्दीवर जिरेनियमच्या तीन कुंड्या मांडल्या.
व्हिटलम म्हणतो, कुंड्या रात्री चालतात,
आठवड्याला बोटभर, आणि नेमक्या त्याच्याच बाजूला.
त्याने खडूने त्यांच्याभोवती गोल काढले,
खून झालेल्या माणसाभोवती काढतात तसे.
गोल बाईंनी पुसले की पावसाने,
यावर चार पत्रं झाली,
आणि पत्रागणिक दोन्हीकडच्या वकिलांची फी.

वाद किती जागेचा आहे? मी विचारलं.
दोघांनी आपापल्या दारात उभं राहून
हवेत हात पसरून दाखवला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
एक वीत.

फीत टाकली. विटेपासून विटेपर्यंत,
गटारीच्या झाकणापासून गॅरेजच्या खांबापर्यंत.
चौदा नंबरच्या भिंतीत एक गंजका हूक सापडला.
बाई म्हणाल्या, शिडीचा.
व्हिटलम म्हणाला, आमच्या बाबांची आणि रॉनची
दोघांत एकच शिडी होती.
ती आता कोणाकडे आहे
हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग खरेदीखताचा नकाशा माझ्या गाडीच्या बॉनेटवर पसरला.
समुद्राकडून वारा येत होता.
एका कोपऱ्यावर बाईंनी चष्मा ठेवला,
दुसऱ्यावर त्याने पाना.
उरलेले दोन मी कोपरांनी दाबले
आणि जे सांगताना मला दर वेळी जड जातं ते सांगितलं:

ही तांबडी रेघ बघा. कागदावर केसाहून थोडी जाड.
प्रमाण एकास साडेबाराशे.
म्हणजे हीच रेघ जमिनीवर उतरवली
तर सव्वा फूट रुंद होते.
तुमची वीत या रेघेच्या पोटात आहे.
तुम्ही भांडताय ती जमीन नाही,
ती शाई आहे.

वाटलं, आता कोणीतरी हसेल.

बाईंनी चष्मा उचलला, कोपरा फडफडला.
मग शाई कोणाची? त्यांनी विचारलं.
उजवी कड माझी, व्हिटलम म्हणाला.

मी खताचं दुसरं पान काढलं.
मालकी राहू द्या, म्हटलं, वहिवाट बघा.
या वाटेवरून जायचा-यायचा हक्क दोघांना आहे.
थांबायचा कोणालाच नाही.
ना चाकाला, ना कुंडीला.

दोघं गप्प झाले.
मग दोघांची नजर एकदमच खाली गेली,
नकाशावरून बॉनेटवर,
बॉनेटवरून माझ्या टायरवर.

तुमची गाडी, बाई म्हणाल्या.
तासभर उभी आहे, व्हिटलम म्हणाला.
बरोबर तोंडावर, बाई.
मला साडेअकराला बॉयलर बघायला जायचंय, तो.
आणि मला दवाखान्यात, बाई.

अकरा महिन्यांत पहिल्यांदाच
एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं असावं.

मी नकाशा घडी न घालताच सीटवर टाकला,
घाईत रिव्हर्स घेतला.
बाईंनी पायाने एक कुंडी बाजूला सारली.
तो रस्त्यात उभा राहून हात हलवत होता,
या, या, अजून, बस्स.

वळणावर आरशात पाहिलं:
बाई कुंडी परत जागेवर ठेवत होत्या,
तो गुडघ्यांवर हात टेकून, वाकून बघत होता.

कुठल्या जागेवर, ते विचारू नका.
आरशात डावं ते उजवं दिसतं,
आणि अहवालात मी
फक्त फितीने मोजलेलंच लिहितो.