खोबरेल थिजलं की

पंचफुलाच्या बाटलीतलं खोबरेल ज्या सकाळी
उलटं धरलं तरी हलत नाही
त्या सकाळी मी अर्धा चहा तसाच ठेवून यार्डाकडे निघतो.
वरूडमध्ये माझं थंडीचं पंचांग एवढंच.

लिंबाखाली अकरा गाड्या.
काचांवर दव आणि धुळीचा चिखल.
आंबिया बहार अजून झाडावर,
जम्मूचा भाव मालकाच्या फोनमध्ये.

माझं सगळं शिक्षण उन्हाचं.
सत्तेचाळीस डिग्रीत रेडिएटर शिट्टी कधी मारतो,
तापल्या टायरवर हात ठेवून किती आकडे मोजायचे,
हे झोपेतही येतं.
थंडी मात्र ऐकीव.
बर्फ पाहिला तो रसवंतीतला, भुशात गुंडाळलेला.
पांढुर्ण्याच्या पुढे मी गेलो नाही,
माझ्या हातचे नट मात्र बनिहालचा घाट चढून आलेत.
गाड्या परतल्या की त्यांच्या पोटाखाली आडवा होऊन
मी तिकडचं हवामान वाचतो :
होजला भेग,
टर्मिनलवर हिरवट बुरा,
फिल्टरच्या घड्यांत मेण.

गेल्या पुसात रात्री तीनला फोन आला.
"मिस्त्री, गाडी मेली."
फैयाजचा आवाज, दातांवर आपटत येणारा.
"डिझेलाचं तूप झालं. काडी घातली त उभी रायली."
"जाळ नोको लावजो टाकीखाली," मी ओरडलो,
"कोनी काईबी सांगो, जाळ नोको.
फिल्टर काढ. पोटाशी धर."
"पोटाशी?"
"लेकरावानी. अन् ढाब्यावाल्याले गरम पानी माग."
मग त्याच्याकडून नुसता वारा,
माझ्याकडून गल्लीतलं कुत्रं.
फोन काही मला ठेवता आला नाही.

साडेपाचला इंजिन खोकललं.
पंधरा टन संत्री वरून पिवळीधमक, आत पाणी.
मालकाने नुकसान वहीत लिहिलं.
फैयाजच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचं कुठेच लिहिलं नाही.

म्हणून यंदा आधी टाकीच्या तळाचा नट सैल करतो.
डिझेलच्या आधी पाणी येतं, थेंब थेंब,
पाणी जड, ते तळाशी बसून वाट पाहत असतं.
बॅटऱ्या तपासल्या. दिव्यांना पिवळा कागद.
कूलंटचे डबे मांडले तसा मालक आला.
"नळाले पानी फुकट येते, अन् तू हिरवं पानी इकत आनतो?"
मी काही बोललो नाही.
फैयाजला म्हटलं, शेठला चहा दे.
उकळता ग्लास त्याने त्याच दोन बोटांत धरला,
धरूनच राहिला,
वाफ नखांवरून जात होती,
चेहऱ्यावर काहीच नाही.
मालकाने आधी ग्लास घेतला, ओठ भाजून घेतले,
मग बिलावर सही केली.

शेवटची गाडी पंजाब ढोमणेची.
आजोबांनी हौसेनं ठेवलेलं नाव,
पंजाबातून पहिल्यांदाच जाणार.
त्याला सांगितलं : वरूडचं डिझेल पठाणकोटच्या आधी संपव,
पुढचं तिकडचंच भर, ते थंडी शिकलेलं असतं.
आणि एक पारदर्शक बाटली, अर्धी डिझेलने भरून,
बाहेरच्या आरशाला तारेनं बांधली.
"हे धुकटलं की इंजिन बंद नोको करू."
"अन् धुक्यात बाटलीच दिसली नाई त?"
"त उतरून पाय. पाय कायले देले देवानं?"
हसला. वय बावीस. स्वेटर नवा, घडीच्या रेघा अजून तशाच.

गाडी वळली तेव्हा ऊन बाटलीतून आरपार गेलं.

घरी पंचफुला वाटीतलं खोबरेल
चमच्याने खरवडत बसली होती.
"माही बाटली कुठी हाय?"
सांगितलं.
तिने तळहातावर तेल चोळलं, वितळेपर्यंत चोळत राहिली.
"वापस आनजो म्हना त्याले," म्हणाली,
"बाटली."